वरवंडची सभा

नांगरलेल्या रानात व्हीलचेअरची चाकं रुतली, तेव्हा सावळारामनं लेकीला सरळ उचललं आणि तो मांडवाकडे चालू लागला.

“पप्पा, मागंच बसू,” स्नेहल म्हणाली.

“मागं कशाला? आज तुला घरी चालत यायचंय.”

सावळाराम दौंडला रेल्वेत गँगमन होता. स्नेहल कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात जायची. कामगारांचा टेम्पो उलटला आणि तिचं कमरेखालचं अंग लुळं पडलं. ही आता उभी राहायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. शेवंताबाईनं, तिच्या आईनं, रडून घेतलं आणि लेकीचं अंथरूण-पांघरूण, अंघोळ सगळं अंगावर घेतलं. सावळाराम मात्र ते मानायला तयार नव्हता. दवाखान्याच्या व्हरांड्यात प्रार्थना करताना त्याला वचन मिळालं होतं : ती चालेल. देवानं शब्द दिला म्हणजे झालं, बाकी डॉक्टर काय बोलतात ते बोलू देत, असं तो सगळ्यांना सांगायचा.

वरवंडला बाहेरगावचे ख्रिस्ती प्रचारक येणार, आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करणार, हे शेजारच्या हौशीरामनं सांगितलं. सभेची माणसं तोच जमवत होता.

स्टेजवर प्रचारकांनी स्नेहलच्या डोक्यावर हात ठेवला. खूप वेळ प्रार्थना झाली, ढोलकी-पेटी वाजत राहिली. मग त्यांनी सावळारामला सांगितलं, काखेत हात घालून उभी करा. त्यानं केली. तिचे पाय फळ्यांवर नुसते टेकले होते.

“आता सोडा,” प्रचारक माइकवर म्हणाले.

स्नेहलनं मान वळवून बापाकडे बघितलं. सावळारामनं हात काढून घेतले.

ती जागच्या जागी कोसळली. पेटी थांबली. प्रचारकांनी गर्दीवर नजर फिरवली आणि शांतपणे म्हणाले, “वचन खोटं नसतं. या घरात कुणीतरी शंका धरलीय.”

मांडवातल्या बायका त्यांच्यातच बसलेल्या शेवंताबाईकडे बघू लागल्या. सावळारामनंही तिच्याकडेच बघितलं. घरी येईपर्यंत तो तिला बोलत राहिला. तिच्यामुळे पोरीचं पांगळेपण राहिलं, इथपर्यंत बोलला. ती गाडीच्या खिडकीबाहेर बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी अंघोळ घालताना शेवंताबाईला लेकीची मांडी काळीनिळी, टम्म सुजलेली दिसली. हाड मोडलं होतं. कमरेखाली काही जाणवतच नसल्यानं स्नेहलला त्याचा पत्ताच नव्हता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं. सावळाराम म्हणाला, पडली.

प्लास्टर झाल्यावर तो कॉटशी बसला, तेव्हा स्नेहल हळूच म्हणाली, “मम्मीला काय बोलू नका. शंका मला व्हती. मी पडणार, हे मला ठाव व्हतं.”

“मंग बोलली का न्हाईस?”

“तुमच्या तोंडाकडं बघितलं. लई खूश व्हता तुमी. टेम्पो उलटल्यापास्नं तसं कवा बघितलंच नव्हतं तुमाला.”

सावळाराम उठला आणि व्हरांड्यात गेला. तिथं शेवंताबाई डबा सोडत होती. चुकलो, एवढंच तो म्हणाला. तिनं भाकरीवर भाजी वाढली आणि ती त्याच्यापुढे केली.

त्याच आठवड्यात हौशीराम घरी आला. बसलासुद्धा नाही. पुढच्या सभेला पोरीला आणू नका, असा निरोप होता. बघणाऱ्यांचा विश्वास डळमळतो.

रविवारी सावळारामनं स्नेहलला तिच्या मर्जीनं चर्चमध्ये उपासनेला नेलं. प्लास्टरचा पाय फळीवर लांब ठेवावा लागला, म्हणून ते सगळ्यांत मागं बसले. देवानं काय केलं याची साक्ष द्यायची वेळ आली, तेव्हा हौशीराम उभा राहिला. वरवंडला आंधळे बघायला लागले, लंगडे चालायला लागले, असं त्यानं सांगितलं. टाळ्या झाल्या. शेवंताबाई मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली.

मग पाळकांनी शेवटच्या प्रार्थनेसाठी मंडळीला उभं राहायला सांगितलं. बाकं करकरली. सगळे उठले, सवयीनं शेवंताबाईही उठली.

सावळाराम लेकीच्या खुर्चीजवळ बसून राहिला. हौशीरामनं मागं वळून त्याला उठायची खूण केली. त्यानं बघितलं, मग डोळे मिटले. प्रार्थना त्याला तोंडपाठ होती. बसूनच, मंडळीच्या आवाजात आवाज मिसळून, तो ती म्हणू लागला.