दर अकरा मिनिटांनी एक थेंब

आमच्या मोटारसायकलमधून, इंजिन तापलेलं असेल तर, दर अकरा मिनिटांनी तेलाचा एक थेंब पडतो. मी सतरा वेळा मोजलं आहे. वजनमापांच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढलेला माणूस निवृत्त होतो, त्याची सवय निवृत्त होत नाही.

मोजायचं कारण सरकारी तपासणी. दर दोन वर्षांनी गाडी तिथे न्यावी लागते. नियम असा, की इंजिनवर तेलाची ओल चालते, थेंब चालत नाही. गाडी इंग्लंडची, १९६७ सालची. माझे यजमान कियोहारु आठवड्यातले पाच दिवस ती उघडतात, एक दिवस जोडतात आणि एक दिवस चालवतात. चालवून आले की दोनदा भात वाढून घेतात आणि आपणहून भांडी घासतात. त्या गाडीचा घराला होणारा उपयोग एवढाच.

तिची आणि माझ्या मिसोची, म्हणजे सोयाबीन आंबवून मी घरी करते त्या लगद्याची, शेड एकच. यंदा वीस किलोचा डबा उघडला, तर मिसोला इंजिन तेलाचा वास. मी आवाज चढवला नाही. म्हटलं, या वेळी गाडी नापास झाली तर ती तुमच्या मित्राला, हिराबायाशींना द्यायची, आणि शेड माझी.

"नापास होईल कशाला?" कियोहारु म्हणाले, आणि तीन आठवडे नुसती पुसत बसले.

हिराबायाशी बारा वर्षं ती गाडी मागत आहेत. नववर्षाच्या शुभेच्छापत्रात आधी गाडीची खुशाली विचारतात, मग आमची. पण जुन्या तपासणीची मुदत संपलेली, त्यामुळे गाडी रस्त्यावर चालवता येत नव्हती, आणि छोटा ट्रक फक्त हिराबायाशींकडे होता. म्हणजे परीक्षेला न्यायला तेच आले. नवे दोर घेऊन.

"जाताना जुन्या दोरांनी बांधू," ते म्हणाले. "नवे येतानाच्या प्रवासासाठी."

"येताना मी चालवत येणार आहे," कियोहारु म्हणाले.

"हो हो. तरी असू देत."

ट्रकवर चढवण्याआधी कियोहारुंनी तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं. टाकी जवळजवळ रिकामी. त्यांनी नवा डबा फोडला.

मी गाडीखालचं वर्तमानपत्र पाहिलं. दहा-बारा डाग होते. "अहो, दीड लिटर तेल गेलं कुठे?"

"जुनी गाडी आहे. पिते."

"बंद असताना?"

"अगं, तुला इंग्रजी गाड्यांतलं कळत नाही."

मला इंग्रजी गाड्यांतलं कळत नाही हे खरं. पण तेल बाहेर पडलेलं नाही, म्हणजे ते आतच कुठेतरी आहे, एवढं कळायला गाडी लागत नाही. ते बोलून दाखवायला हवं होतं. मी वहीत लिहून ठेवलं.

तपासणीच्या आवारात गाडी सुरू केली. तीन आठवडे उभं राहून टाकीतलं जे तेल झिरपत इंजिनच्या तळाशी साठलं होतं, ते पंपाने इमानदारीने परत वर टाकीत पाठवलं. टाकी आधीच काठोकाठ. झाकणाखालून तेल आलं, कियोहारुंच्या पँटवर आलं, तापलेल्या नळीवर आलं, आणि मागच्या रांगेतले चार जण धुरात दिसेनासे झाले.

तपासनीस इनोमाता तरुण होते आणि फार अदबीने बोलत. "ही ओल नाही," ते म्हणाले. "आज आणखी दोनदा येता येईल."

आम्ही बाजूला जाऊन सांडलेलं पुसलं. जास्तीचं तेल काढायला भांडं नव्हतं, म्हणून मी थर्मासमधला चहा झुडपाला घातला. थर्मासमध्ये बरोबर नऊशे मिलिलिटर मावलं.

"तेल आतच होतं," कियोहारु हळूच म्हणाले.

"हं," मी म्हटलं.

दुसऱ्या फेरीत वेगाचा काटा तपासायला गाडी फिरत्या रुळांवर चढवून चाक फिरवायचं होतं. काटा चाळीस किलोमीटरवर आला की पायाखालचं बटण दाबायचं. आमच्या गाडीचा काटा मैल दाखवतो, म्हणून पंचविसावर मी नखांच्या लाल रंगाचा ठिपका दिलेला आहे. गेली बारा वर्षं कियोहारु त्या ठिपक्यावरच बटण दाबतात. आज समोरच्या फलकावर "४०" आलं आणि त्यांनी आज्ञाधारक मुलासारखा काटा चाळिसावर नेला. यंत्राने चौसष्ट लिहिलं.

हिराबायाशींनी दोरांचं वेटोळं सोडवायला घेतलं. "सावकाश होऊ द्या वहिनी. मला काही घाई नाही."

"ते दोर खाली ठेव," कियोहारु म्हणाले. चेहरा तेलाने माखलेला, आणि डोळ्यांत मी सहसा न पाहिलेलं काहीतरी. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चौतीस वर्षं आहे माझ्याकडे." मग रांगेत जाऊन उभे राहिले.

शेड मला हवीच होती. तरीही मी रांगेच्या तोंडाशी त्यांना फडकं दिलं आणि इंजिन पुसून झाल्याबरोबर घड्याळ सुरू केलं. काटा या वेळी ठिपक्यावर थांबला. मग पुढच्या माणसाच्या गाडीचा दिवा लागेना आणि रांग अडली. इनोमाता हातोडी आणि बॅटरी घेऊन आमच्या इंजिनपाशी वाकले तेव्हा साडेदहा मिनिटं झाली होती. खालच्या कडेला तेल चमकत होतं.

"ओल आहे की गळतं?"

"ओल," कियोहारु म्हणाले.

इनोमातांची नजर माझ्या हाताकडे गेली. "बाई, तुम्ही काय मोजताय?"

मी आयुष्यात चुकीचा आकडा सांगितलेला नाही. "थेंब. अकरा मिनिटांनी एक पडतो. आता तीस सेकंद राहिली."

कियोहारुंनी डोळे मिटले. इनोमाता उकिडवे बसले. हिराबायाशीसुद्धा पिवळ्या रेषेपर्यंत आले. अकरा मिनिटं झाली. बारा. तेरा. तेल कडेला चमकत होतं, पण सुटत नव्हतं.

"तुमचं मोजमाप?" इनोमातांनी विचारलं.

"सतरा वेळा केलंय," मी म्हटलं. माझे कान तापले होते.

चौदाव्या मिनिटाला त्यांनी शिक्का मारला. "ओल."

कियोहारु कागद घ्यायला उतरले आणि गाडी बाजूच्या स्टँडवर तिरकी टेकवली. तेल कडेवरून कोपऱ्यात सरकलं, आणि टप्. घरी गाडी नेहमी तिरकीच उभी असते. सतराही वेळा मी तिला सरळ धरून पाहिलंच नव्हतं.

इनोमातांनी थेंबाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "बारा वाजले," ते म्हणाले. "जेवणाची सुट्टी."

कियोहारु गाडीवर बसून आवाज करत निघून गेले. वळणापर्यंत दोनदा हात हलवला. मी ट्रकमध्ये बसले. मागे दोर घरंगळत होते.

हिराबायाशी म्हणाले, "वहिनी, बारा वर्षं मी त्या गाडीसाठी गॅरेज रिकामं ठेवलंय. लादी रोज पुसतो. तुमचा मिसो आणून ठेवता का?"

"वास नाही ना येत?"

"कशाचा येणार? कधी काही ठेवलंच नाही." त्यांनी एका हाताने थर्मास उचलला. "चहा आहे का यात?"

"तो नको," मी म्हटलं.