इब्राहिमचाचांच्या कारखान्यातला पृथ्वीगोल

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. पुठ्ठ्याचे दोन अर्धगोल खळीने चिकटवून माझं अंग झालं, त्यावर समुद्र आणि देश छापलेला कागद चढला आणि मधून लोखंडी आस गेला. पुण्याच्या दुकानातून मला चिखलीच्या शाळेत आणलं तेव्हा एकोणीसशे त्रेपन्न साल होतं.

शाळेतल्या शालनबाई मला फार जपत, पण शोभेला म्हणून नव्हे. त्या मला रोज फिरवत. मुलं माझ्यावर बोट ठेवून आधी आपलं गाव शोधत आणि ते छापलेलंच नाही म्हणून रुसत.

तीन-चार वर्षांनी एकदा मी टेबलावरून पडलो. आस वाकला. फिरवलं की मी अडखळू लागलो. शालनबाईंनी मला चादरीत गुंडाळलं आणि चिंचवडला इब्राहिमचाचांच्या कारखान्यात पोचवलं. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक लेथ आणि हत्यारांना धार लावायचा ग्राइंडर. चाचांच्या हाताखाली मुरारी नावाचा तरणा गडी होता. चाकणकडची शेती भावावर सोडून तो यंत्रं शिकायला आला होता, आणि त्याला सगळ्याचीच घाई होती.

पुढच्या रविवारी बाई मला न्यायला आल्या. चाचांनी आस सरळ केला होता. बाईंनी मला फिरवून पाहिलं. मी गुळगुळीत फिरलो, तशा त्या खुलल्या.

मुरारी जवळ आला. "बाई, आपण खरंच असं फिरतोय व्हय?"

"फिरतोय ना. चोवीस तासांत एक फेरा. म्हणजे तासाला पंधरा अंश."

"मंग लई हळू की!"

"थांब," बाई म्हणाल्या. त्यांनी चाचांकडून सुतळी मागितली आणि माझ्या पोटावर, विषुववृत्तावर बरोबर एक फेरा बसेल एवढी तोडून गुंडाळली. "हा फेरा खऱ्या पृथ्वीवर पंचवीस हजार मैलांचा. चोवीस तासांत एवढा कापायचा, तर तासाला हजार मैलांच्या वर पळावं लागतं."

मुरारीनं डोक्यावरची टोपी दाबून धरली. "मंग ही कशी उडंना?"

"कारण वारासुद्धा आपल्याबरोबर फिरतो," बाई हसून म्हणाल्या. मग त्यांनी सुतळी वर नेली. चिंचवडच्या रेषेवर ती जराशी उरली. आणखी वर, नॉर्वेपाशी, निम्मी उरली. "बघ, इथला माणूस तासाला पाचशेच मैल पळतो. फेरा मात्र दोघांचा एकाच वेळी पुरा होतो. तासाला पंधरा अंश सगळ्यांना सारखेच. पण जो आसापासून लांब, त्याला पळापळ जास्त."

चाचा कानशीने घासत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी वळून ग्राइंडरकडे पाहिलं. त्याचा आठ इंची दगड झिजला होता. मुरारीनं जुन्या बाजारातून बारा इंची दगड आणला होता आणि सकाळीच तो चढवला होता. आता तो समोर उभा राहून पहारीला धार लावणार होता.

"बाई," चाचांनी विचारलं, "मोटर तीच, फेरे तेवढेच. दगड आठाचा बारा झाला, तर कडेचा वेग?"

"दीडपट."

"जुना दगडच सोसेल तेवढ्या शेवटच्या वेगावर चालायचा. याहून जोरात पळाला की दगड तुटतो."

"दगडाचं मला कळत नाही, चाचा. गणित तेवढं सांगते."

"दगडाचं मला कळतं. मुरारी, काढ तो."

मुरारीचा चेहरा उतरला. "चाचा, वाजवून बघितलाय मी. खणखणीत हाय, भेग न्हाई. उगं भ्या कशाला? एकदा चालवून तर बघू."

चाचा रागावले नाहीत. "बरं. पण समोर कुणी उभं राहायचं नाही."

बटण दाराबाहेरच्या भिंतीवर होतं. तिघे बाहेर गेले. गडबडीत मी मात्र बाकावरच राहिलो. मोटर गुरगुरली, दगडाचा आवाज चढत चढत बारीक शिट्टीसारखा झाला आणि मग एकदम कडाका! एक तुकडा छपरातून आरपार गेला. एक भिंतीत रुतला. एक माझ्या हिंदी महासागरात घुसला आणि मी बाकाखाली कोसळलो.

धूळ बसल्यावर मुरारी आत आला. पहार त्यानं जिथं टेकवून ठेवली होती, तिथं तो स्वतः उभा राहणार होता. पहारीचं वाकलेलं टोक त्यानं बोटानं चाचपून पाहिलं. चाचा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

मग मुरारीनं मला बाकाखालून उचललं आणि तो हळूच म्हणाला, "बाई, तुमची पृथ्वी फुटली."

"कागद चिकटवता येतो रे," बाई म्हणाल्या.

भोक मुरारीनंच बुजवलं. पुढं कित्येक रविवार तो सायकल हाणत चिखलीला यायचा आणि बाईंकडून व्यास, परीघ, वेग असं सगळं शिकायचा. मोटरीवर पट्ट्याची लहान पुली घालून चाचांनी दगडाचे फेरे कमी केले, आणि मग नवा मोठा दगड बिनघोर चालला.

मित्रांनो, नंतर शाळेत नवा, चकचकीत गोल आला आणि मला कपाटात ठेवलं. मला पुसतात, पण कुलूपही लावतात. आमच्यासारख्यांना जपायचं असेल तर एवढंच करा: कपाट उघडा, हळू हातानं आम्हाला फिरवा, आणि मनात येईल तो प्रश्न मोठ्यानं विचारा. शेजारी कोण ऐकत असेल आणि त्या उत्तरानं कुणाचा जीव वाचेल, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं.