रडणाऱ्या मोराचा भाव

मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग दारापासून पार रस्त्यापर्यंत आला होता आणि आत पाच-सहाशे माणसं श्वास रोखून एका मोराकडे बघत होती. हातभर उंचीचा, पांढराशुभ्र, पिसाऱ्यावर सोनेरी नक्षी काढलेला चिनीमातीचा मोर. रत्नेश्वर महाराजांनी त्याच्यावर फुलं उधळली, डोळे मिटले, आणि पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली, "रडला! मोर रडला!"

खरंच, मोराच्या डोळ्यातून एक थेंब ओघळला. मागोमाग दुसरा.

"बँकेतलं धन झोपलेलं!" महाराज माईकवर गरजले. "तिजोरीतलं धन कोंडलेलं! आणि हे? हे जागं धन! लिमिटेड एडिशन आहे, भक्तांनो. पाचशेच मोर घडवले, पाचशे एकावा होणे नाही. परदेशातले शौकीन टपून बसलेत. मोराच्या डोळ्यात पाणी आलं, की त्याची किंमत दुप्पट झाली समजा! कुणाचाही मोर रडू दे, कधीही रडू दे, मोराला तिथी-वार नसतो. इथं घेऊन या आणि दुप्पट पैसे मोजून घ्या!"

मोराचा मालक उठला. आपण पिंपळगाव बसवंतचे द्राक्षांचे व्यापारी, असं त्यानं सांगितलं. महाराजांनी त्याच्या हातात नोटांची थैली ठेवली. टाळ्यांनी पत्रा हादरला.

बायकांच्या बाजूला संजना बसली होती. तिला टाळी वाजवता आली नाही. समोर तिचा नवरा नवनाथ डाव्या हातानं मांडीवर थापा मारत होता. उजव्या हाताला अंगठा तेवढा उरला होता. सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनखाली चार बोटं गेली, कामही गेलं, आणि भरपाईच्या पैशातून त्यानं बायकोला न विचारता दोन मोर घेतले होते. घरी मोर आले त्याला सात महिने झाले. एकाच्याही डोळ्याला पाणी नव्हतं.

"आपले पण रडतील गं," शेजारी बसलेली चांगुणाबाई म्हणाली. भाजी विकून जमवलेले सोन्याचे मणी मोडून तिनंही एक मोर घेतला होता. "महाराज म्हणले, घरात शंका असंल तर मोर जागा होत नाय."

हीच ती शंका संजनाच्या घरात घुसली होती. नवनाथ पहाटे उठून मोरांसमोर बसे. त्यानं एक वेळचं जेवण सोडलं. मुलगी हर्षाली मोठ्यानं हसली तरी तो चवताळून उठे. तिच्या बारावीच्या क्लासची फी थकली होती, पण त्याचं एकच पालुपद. "मोर रडला की सगळं भागेल."

संजनानं एक मोर पिशवीत घालून मेन रोडच्या शोभेच्या वस्तूंच्या दुकानात नेला होता. दुकानदारानं तो फिरवून बघितला आणि परत दिला. "ताई, घरात छान दिसेल. पण मी घेणार नाही. अशा वस्तू विकत घ्यायला गिऱ्हाईक असतं, परत विकायला गेलं की कुणी नसतं."

"त्या दुकानदाराला काय कळतंय?" नवनाथ संतापला होता.

आज कार्यालयातून घरी आल्यावर मात्र तो संतापला नाही. भिंतीकडे बघत म्हणाला, "संजू, तू थोडे दिवस हरसूलला जा. तुझ्या आईकडं."

"का?"

"महाराजांना विचारलं मी. ते म्हणाले, शंका बाईच्या मनात आहे."

"अहो, अठरा वर्षं संसार केला आपण!"

"मला या हातानं कोण काम देणारे, सांग ना!" त्यानं उजवा हात तिच्या तोंडासमोर धरला. "हे मोर सोडून माझ्याकडं काय उरलंय? पाया पडतो तुझ्या, जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सेवेला म्हणून कार्यालयात गेला. संजनानं साड्या पिशवीत भरल्या, पण पाय निघेना. तिनं एक मोर उचलून मांडीवर घेतला. जिवंत माणसाचं मन फिरवणारी ही वस्तू आहे तरी काय, हे तिला एकदा बघायचं होतं.

तळाला लाल मखमल चिकटवलेलं होतं. मखमल काढलं तर मोर मरतो, असं महाराज बजावून सांगत. तिनं सुरीनं ते सोडवलं. आत बुचानं बंद केलेलं एक भोक होतं आणि भोकाभोवती कोरी, बिनचकाकीची माती.

लग्नाआधी संजना विजेच्या खांबावरचे चिनीमातीचे इन्सुलेटर बनवणाऱ्या कारखान्यात टेस्टिंगला होती. तिथं तुकड्याला लाल रंग लावून बघत. खरी चिनीमाती रंग पीत नाही. जो तुकडा रंग पिईल तो भंगारात. घाई असली की जुन्या बायका तुकडा सरळ जिभेला लावत; कच्चा असला तर तो ओल ओढून जिभेला चिकटे. तिनंही मोराचा तळ जिभेला लावला. जीभ चिकटली.

कच्ची भाजलेली साधी माती! वरून नुसता चकाकीचा थर.

मग तिला पुढचं सुचलं. मोर उलटा करून तिनं भोकातून आत काठोकाठ पाणी भरलं, बूच लावलं, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातली चकाकी सुईनं टोकरली. मोर सरळ ठेवून ती समोर बसून राहिली. दुपार कलली. डोळ्यात एक थेंब जमला, फुगला आणि चोचीवर ओघळला.

तेवढ्यात दार उघडलं. नवनाथ उंबऱ्यातच थबकला.

"रडला," तो पुटपुटला आणि गुडघ्यांवर कोसळला. "संजू, आपला मोर रडला गं!" सात महिन्यांत पहिल्यांदा तो हसत होता, रडत होता, फरशीला कपाळ लावत होता.

संजनानं पुरावा तयार केला होता, त्याला चमत्कार दिसला होता. क्षणभर तिला वाटलं, गप्प बसावं. हे हसू पुन्हा कधी दिसणार?

"अहो, ऐका. मी पाणी भरलंय त्यात. हे बघा बूच—"

"गप!" त्यानं कान झाकले. "आता तरी तुझी शंका बंद कर!" मोर टॉवेलात गुंडाळून तो रिक्षाकडं धावला. ती अनवाणी त्याच्या मागं.

कार्यालयात सत्संग चालू होता. "महाराज, माझा मोर रडला!" नवनाथनं मोर चौरंगावर ठेवला. तिथं महाराजांचा मोर आधीच होता. लोक उठून उभे राहिले. जयजयकार झाला. महाराजांचा चेहरा मात्र पडला.

"द्या की दुप्पट!" चांगुणाबाई ओरडली.

"देऊ, देऊ. मुहूर्त पाहून..."

"मोराला तिथी-वार नसतो, तुम्हीच म्हणले काल!"

हां हां म्हणता सगळी सभा तेच म्हणू लागली. महाराजांनी घाईघाईनं नवनाथचा मोर उचलला, तळ चाचपला आणि त्यांना हायसं वाटलं. "फसवणूक!" ते गरजले. "याचं मखमल काढलंय! आत पाणी भरलंय, डोळ्याला सुई टोचलीय. हे अश्रू खोटे आहेत!"

संजना पुढं आली. "खरंय महाराज. मीच टोचली. मी टेस्टिंगला होते, तरी मला ही युक्ती शोधायला अख्खी दुपार लागली. तुम्हाला हात लावल्या लावल्या कसं कळलं?"

महाराज मोर खाली ठेवून स्वयंपाकघराच्या दाराकडं सरकू लागले.

चांगुणाबाईनं वाट पाहिली नाही. ती चौरंगापाशी गेली आणि तिनं महाराजांचा मोर उचलून उलटा केला. मखमल ओढलं, बूच निघालं आणि भळाभळा पाणी महाराजांच्या रेशमी सोवळ्यावर सांडलं.

"कच्ची माती पाणी पिते," संजना लोकांना सांगू लागली. "वरची चकाकी ते अडवते. जिथं चकाकी टोकरली, तिथून ते झिरपतं. घरचे मोर रडत नाहीत, कारण त्यांच्यात पाणी नाही. शंकेचा काही संबंध नाही."

नवनाथ खाली बसला तो बसूनच राहिला. लोकांनी महाराजांना स्वयंपाकघराच्या दारात अडवलं. पिंपळगावचा तो द्राक्षव्यापारी त्यांचाच ड्रायव्हर निघाला. थैली दर पुनवेला तीच, नोटाही त्याच.

तक्रार झाली, अटक झाली. पैसे मात्र आधीच पांगले होते. ते कधी मिळतील, मिळतील की नाही, कुणालाच सांगता येईना. हर्षालीनं क्लास सोडून घरीच अभ्यास चालवला. संजना एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला लागली.

महिन्याभरानं वस्तीच्या समाजमंदिरात फसलेल्यांची सभा भरली. संजनानं तिथं मोराचा तळ ओला करून दाखवला आणि म्हणाली, "शोभेची वस्तू आवडली तर जरूर घ्या. पण ती डोळ्यांना बरी वाटते म्हणून घ्या, दुप्पट होईल म्हणून नको. जिचा भाव फक्त विकणाराच सांगतो आणि परत घेणाराही फक्त तोच असतो, त्या वस्तूला भाव नसतो. आणि शंका विचारली म्हणून जो घरातल्या माणसाला बाहेर काढायला सांगतो, त्याला आधी शंका विचारा."

मागच्या भिंतीपाशी नवनाथ उभा होता. सगळ्यांच्या माना वळल्या तेव्हा त्याला बोलावंच लागलं.

"मशीनमध्ये बोटं गेली, तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं," तो म्हणाला. "या वेळी होतं. ही घरातच होती. हिला नुसतं विचारायचं होतं."