सुनीलचा डावा हात

नगर बंद होतं, दगड तेवढे चालू होते. ट्रस्टच्या अपघात दवाखान्यात कोल्हारच्या भागिरथीबाईंचा रविराज डोकं फुटून पडला होता. ऑपरेशनला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं आणि रक्तपेढीत ते नव्हतं. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला इथं रक्ताचे पाट वाहतात, पण त्या आठवड्यात एकाही पुढाऱ्याचा वाढदिवस नव्हता.

दवाखान्यात त्या गटाचा एकच माणूस सापडला, सुनील. दगड भिरकावताना त्याचा उजवा खांदा निखळला होता आणि तो नुकताच बसवून झाला होता.

"पेशंट आपल्यातलाच ना?" त्यानं विचारलं.

"ते आम्ही कुणालाच सांगत नाही," डॉक्टर स्नेहल म्हणाल्या.

भागिरथीबाई पुढं आल्या. "माझा हाय रं बाबा. दुकान बंद करून घरी निघाल्ता, तवा डोक्यात दगड बसला."

सुनील डावी बाही सारून आडवा झाला. तपासणी उरकली, सुई गेली, पिशवी भरू लागली.

"मावशे, कुठं लागला त्याला दगड?"

"बाजाराच्या कोपऱ्यावर. दुपारी."

सुनील धडपडत उठायला लागला. "मावशे, मी बी तिथंच..."

भागिरथीबाईंनी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला खाली दाबलं.

"पडून ऱ्हा. आदी पिशवी भरू दे."