मी बसलेला हत्ती आहे, असं सरकारचं म्हणणं आहे

मी एक ओंडका बोलतोय. आडवा पडून बोलतोय, तेवढं चालवून घ्या. उभं राहायचे दिवस जंगलातच संपले.

जंगलात मी चांगला जाडजूड आणि सरळसोट वाढलो. तीच माझी चूक. शेजारचं वाकडं झाड अजून तिथे मजेत उभं आहे. मला मात्र तोडलं, फांद्या छाटल्या, बुडावर लाल रंगाने नंबर टाकला आणि ट्रकमधून बंदरावर आणून टाकलं. तिथे माझ्यासारखे पुष्कळ होते, सगळे बोटीची वाट बघत पडलेले.

आमचा बेत पक्का होता. बोटीत बसायचं, परदेशात जायचं, तिथे खुर्ची व्हायचं आणि परत येऊन इथल्याच लोकांना महागात पडायचं. आमचे सगळे थोरले असेच गेले. इथली माणसं त्या खुर्च्यांवर हात फिरवून म्हणायची, "बाहेरचं लाकूड ते बाहेरचंच!"

नेमकी आमची पाळी आली आणि सरकारने हुकूम काढला. कच्चं लाकूड यापुढे देशाबाहेर जाणार नाही. वस्तू इथेच बनवा, मग खुशाल पाठवा, म्हणजे इथल्या हातांना काम मिळेल.

काम मिळायचं तेव्हा मिळेल, आधी होतं ते गेलं. बोट रिकामी परतली. क्रेनवाला क्रेनमध्येच घोरायला लागला. हमाल माझ्यावर बसून पत्ते कुटायला लागले. लाकडाचा भाव पडला आणि त्याच्यासोबत माझ्या मालकाचं तोंडही.

खरं तर इलाज सोपा होता. मालकाच्या थोरल्या बहिणीची, ताईची, सॉ मिल बंदराला लागूनच होती. सगळं लाकूड अख्खंच बाहेर जायचं म्हणून तिची करवत कित्येक वर्षं बंद. भंगारवाला करवत बघून गेला होता, शनिवारी उचलून नेणार होता. मालकाने ओंडके तिकडे पाठवले असते तर दोघंही तरली असती. पण भावाबहिणीचं बोलणं बंद होतं. "तुला लाकडातलं काही कळत नाही," असं ताई एकदा चारचौघांत म्हणाली होती. ते त्याला फार झोंबलं, कारण खरं होतं.

म्हणून मालकाने स्वतःचं डोकं चालवलं. मला खालून चार पाय ठोकले.

"हे काय?" बंदरावरच्या तपासनीस साहेबांनी विचारलं.

"टेबल."

"वरून गोल आहे."

"नवीन फॅशन आहे, साहेब."

साहेबांनी आपला डबा उघडून माझ्यावर ठेवला. डबा घरंगळत त्यांच्या मांडीवर गेला. ते उठायला आणि माझे चारही पाय फाकायला एकच गाठ पडली. मी सरळ त्यांच्या बुटावर बसलो.

"टेबल नापास," साहेब लंगडत म्हणाले.

मालक हरला नाही. त्याने माझ्या एका टोकाला दोन डोळे रंगवले.

"आता काय?"

"मूर्ती. बसलेला हत्ती."

"सोंड कुठाय?"

"तिच्यावरच बसलाय ना तो."

"आणि कान?"

"थंडी आहे साहेब, आत घेतलेत."

साहेब नियमाचे पक्के. मूर्ती म्हटल्यावर त्यांनी म्युझियमच्या बाईंना बोलावलं. बाई माझ्याभोवती फिरल्या, चष्मा काढला, डोळे पुसले. "यात हत्ती कुठेच दिसत नाही," त्या म्हणाल्या, "म्हणूनच तो इतका जाणवतो!" आणि तिथल्या तिथे त्यांनी मला राष्ट्रीय ठेवा ठरवून टाकलं. माझ्याभोवती लाल दोरी बांधली.

"म्हणजे पाठवू?" मालकाने हरखून विचारलं.

"छे! राष्ट्रीय ठेवा देशाबाहेर जात नाही."

"मग बाकीच्यांना डोळे काढतो."

"एक असला तर कला," बाई म्हणाल्या. "एवढे असले तर ओंडके."

शुक्रवारी ताई स्वतः बंदरावर आली. या दोघांची एक रीत होती. समोरासमोर आले की मध्ये जे काही असेल, खांब, कुत्रा, सायकल, त्याच्याशी बोलायचं. त्या दिवशी मध्ये मी होतो.

"ओंडक्या," ताई म्हणाली, "तुझ्या मालकाला सांग, उद्या माझी करवत भंगारात चालली. मग बस म्हणावं कळप राखत."

"ओंडक्या, तिला सांग, मला कुणाचे उपकार नकोत."

"सांग त्याला, उपकार कोण करतंय? चिरायची मजुरी घेईन रोख!"

साहेबांनी जोरात शिट्टी मारली. "अहो! शासकीय हत्ती आहे तो. त्याच्यामार्फत निरोप पाठवायला बंदी आहे."

दोघांनी इकडेतिकडे पाहिलं. हमाल जेवायला गेलेले, क्रेनवाला झोपलेला, साहेबही शिट्टी मारून निघून गेलेले. मध्ये धरायला कोणीच नाही.



"ताई," मालक स्वतःच्या चपलेकडे बघत म्हणाला, "करवतीला धार आहे का गं अजून?"

"आहे. तुझ्या डोक्यापेक्षा बरी आहे." ताईने पदराने नाक पुसलं. "पाठव. आणि पाय कुणी ठोकायचे ते मी ठरवणार."

शनिवारी भंगारवाला आला तेव्हा करवत फिरत होती. बिचारा रिकामी गाडी घेऊन गेला.

लगेच सगळ्यांचं भलं झालं असं नाही. पहिल्या खुर्च्या घाईघाईत ओल्या लाकडाच्या केल्या. त्यांना असा पीळ पडला, की माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि हळूहळू शेजाऱ्याकडे वळायचा. मग ताईने लाकूड सुकवायची शेड बांधली. अर्ध्या हमालांना मिलमध्ये काम लागलं, बाकीचे कामासाठी अजून हेलपाटे घालतायत. पण खुर्च्या आता सरळ होतात आणि बोटीत चढतात. माझ्यासोबतचे सगळे ओंडके गेले.

मी तेवढा राहिलो. म्युझियममध्ये, दिव्याखाली. शाळेची मुलं येऊन माझं चित्र काढतात. सगळी एक लांबट गोळा काढतात आणि सगळ्यांना पैकीच्या पैकी मार्क मिळतात. लोक दबक्या आवाजात म्हणतात, "किती शांत बसलाय!" अहो, मला बसायचं नाहीये. माझ्यावर कोणीतरी बसावं, एवढंच आयुष्यभराचं मागणं आहे.

ताई, हे तुझ्या कानावर गेलं तर ऐक. मी आतपर्यंत सुकलोय, पीळ पडायचा नाही. दुपारी रखवालदार जेवायला जातो, तेव्हा इथे कोणी नसतं. मागचं दार नुसतं लोटलेलं असतं. हातकरवत घेऊन ये.

मी ओरडणार नाही.