ताईचे श्वास

ताईचा आवाज लागला की लोक डोळे मिटून घेत. गाण्यात शब्द थोडेच, शांत हो, आत बघ, अशा धाटणीचे. मागे संथ सूर आणि मधूनच एखादी घंटा. ध्यानाला बसणाऱ्यांना, झोप न येणाऱ्यांना तिचाच आवाज हवा असे. हा आवाज या जगातला वाटतच नाही, असं सगळे कौतुकाने म्हणत. तो तसा वाटावा म्हणून तिचा धाकटा भाऊ दिवसभर मान मोडून बसे, हे मात्र कोणाच्या गावीही नव्हतं.

त्याचं काम श्वास काढायचं. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून ताई गायची आणि दाराबाहेर टेबलाशी तो हेडफोन लावून रेकॉर्ड करायचा. मग दोन ओळींमधला तिचा प्रत्येक श्वास शोधून कापायचा आणि तीन तुकड्यांचा एक लांबलचक सूर असा जोडायचा, की सांधा देवालाही सापडू नये. श्वास ऐकू आला की ऐकणाऱ्याची तंद्री मोडते, असं गाणी काढणाऱ्या कंपनीच्या साहेबांचं मत. साहेब स्वतः जिना चढून आले की भात्यासारखे फुसफुसत आणि ते गेले की ही दोघं पोट धरून हसत.

गेल्या वर्षी हे काम वाढलं. एका गाण्यात चाळीस श्वास निघायचे, ते साठ झाले, मग नव्वद. प्रत्येकाच्या शेपटाला बारीक शीळ. भाऊ वैतागला. आळस करतेस, श्वास नीट घेत जा, असं तिला बोललासुद्धा. ती ओशाळून पुन्हा गायची. कच्चं रेकॉर्डिंग तिने कधीच ऐकलं नव्हतं. स्वतःच्या आवाजाची तिला लाज वाटे, म्हणून तयार झालेलंच ऐके.

एकदा गाता गाता ती स्टुलावर बसली.

"मला दम लागतोय का रे? तुला ऐकू येतो?"

"काही येत नाही," पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "साफ आहे."

आणि नुकताच साफ केलेला तुकडा त्याने तिला ऐकवला. तिच्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशीची डॉक्टरांची वेळ तिने रद्द केली, कारण भावाच्या कानांवर तिचा डॉक्टरांहून जास्त भरवसा होता. तो मुद्दाम खोटं बोलला असता तर निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. बिचारा आपल्या कामाचं सांगत होता.

आठ महिन्यांनी तिला दवाखान्यात दाखल करावं लागलं. कधीपासून त्रास आहे, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, दोन-तीन महिने. फुप्फुसं जवळजवळ गेली होती. आठ-नऊ महिने आधी आला असतात तर उपाय हातात होता, असं डॉक्टर भावाला बाजूला घेऊन म्हणाले.

तो घरी गेला आणि जुनं कच्चं रेकॉर्डिंग काढून फक्त श्वास ऐकत बसला. पहिली शीळ चौदा महिन्यांपूर्वीची निघाली. खाली तारीख होती.

परत आला तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यांवर लोक बसले होते आणि छतातल्या स्पीकरमधून ताईच गात होती. शेजारचे म्हातारे गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, काय दम आहे बाईंचा. भावाला तिथे बसवेना.

खाटेशी जाऊन त्याने तिला सगळं सांगितलं, तारखेसकट.

"म्हणजे तुला ऐकू येत होतं," ती म्हणाली.

"रोज."

"मला वाटलं, तुला येत नाही म्हणजे मी बरी आहे."

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त भिंतीकडे तोंड केलं.

पुढचे चार दिवस तो तिथून हलला नाही. तिचा प्रत्येक श्वास त्या शिळेसकट त्याच्या कानात शिरत होता, आणि इथे कापायला काही नव्हतं. पाचव्या दिवशी दुपारी शीळ थांबली. खोली एकदम स्वच्छ, शांत झाली. क्षणभर त्याच्या सवयीच्या कानांना बरं वाटलं. मग त्याने तिच्याकडे पाहिलं.