स्वतंत्र पलंग

बालकल्याण कार्यालयाचे तपासनीस महिन्यातून एकदा येत, आणि शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरात चोरीचा माल शोधायला आल्यासारखे फिरत. आधी मोरी, मग फडताळ, मग डबे. ठिपकीच्या पोटात काय गेलं यापेक्षा डब्याचं झाकण घट्ट बसतं की नाही, याचीच त्यांना जास्त काळजी.

ठिपकी पाच वर्षांची. हनुवटीवर तीळ, म्हणून ठिपकी. बाईंनी तिला सांभाळायला घेतलं त्याला आठ महिने झाले होते आणि सरकार त्यासाठी संगोपन भत्ता देई. भत्ता तो केवढा! दूध आणि औषधपाणी भागलं तर भागलं. पण धाकट्या जावेच्या तोंडी तो नुसता दुथडी वाहायचा.

"तुमचं बरंय बाई, जाऊबाई," ती शेजारच्या खोलीतून येता-जाता म्हणे. "आम्ही वेड्यासारखी आमची पोरं फुकटात वाढवली."

"मग एक घेऊन ये की सांभाळायला. फॉर्म मी भरून देते."

एवढं म्हटलं, की जावेला नेमकं गॅसवरचं दूध आठवे.

आज तपासनीस झोपायच्या खोलीपर्यंत पोचले. ठिपकीचा छोटा पलंग नियमाप्रमाणे भिंतीला लागून होता, पण त्यावर शाळेच्या गणवेशांचं कापलेलं कापड रचून ठेवलेलं.

"हा पलंग मुलीचा ना? मग मुलगी कुठे झोपते?"

खोटं बोलायची बाईंना सवय नव्हती. "माझ्याजवळ. माझी वेणी मुठीत धरून. एकटी निजवली की टक्क जागी राहते हो. तीन घरं झाली पोरीची. उठल्यावर आपलं माणूस जागेवर असेल, याचा तिला भरवसाच नाही."

तपासनीसांनी सगळं ऐकलं आणि त्यातलं अक्षरही लिहून घेतलं नाही. त्याला रकाना नव्हता. ज्याला रकाना होता ते मात्र त्यांनी मोठ्याने म्हणत लिहिलं, "स्वतंत्र पलंग वापरात नाही. म्हणजे भत्त्याचा गैरवापर. भत्ता बंद. मुलगी सोमवारी दुसऱ्या घरी."

बाई पुढे सरल्या. "भत्ता ठेवा तुमच्याकडेच. पोर राहू दे."

"असं कसं? भत्ता नको म्हणणाऱ्यांसाठी फॉर्मच नाही आमच्याकडे. शिवाय संशय येतो. फुकटात कोण सांभाळतं हल्ली?"

आठ महिने पैशावरून टोमणे मारणारी जाऊ दारातून ऐकत होती. तिने चक्क मान खाली घातली.

तेवढ्यात ठिपकी स्वयंपाकघरातून आली. तपासनीसांची बॅग तिने मघाशीच पाहिली होती; बॅगवाला माणूस आला की घर बदलतं, एवढं तिला आधीच्या घरांनी शिकवलं होतं. पायात बूट, हातात पिशवी, पिशवीत फ्रॉक आणि कंगवा. रडली नाही. शहाण्यासारखी दाराशी उभी राहिली आणि विचारलं, "काका, ह्या वेळी गाडी आहे, की चालत जायचं?"

तपासनीस कागद चाळू लागले. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण आवाज चढला नाही.

"साहेब, नियम वाचा बरं जरा."

"मुलासाठी स्वतंत्र पलंग असावा व तो रोज वापरात असावा."

"मोठ्यांच्या पलंगापासून किती लांब, ते लिहिलंय?"

त्यांनी कागद उलटून पाहिला. "नाही."

बाईंनी गणवेशांचा ढीग उचलून मशीनवर टाकला. "बघत काय राहिलीस? धर ती बाजू!" जाऊ मुकाट्याने पुढे झाली. दोघींनी पलंग फरफटत आणून बाईंच्या पलंगाला भिडवला. गळ्यातली मापाची टेप बाईंनी तपासनीसांच्या हातात ठेवली. "मोजा फट."

ते खरोखरच वाकले. "सव्वा इंच."

"मग झाले ना स्वतंत्र? आजपासून ती ह्याच पलंगावर निजेल, माझा शब्द. सव्वा इंच माझी वेणी सहज ओलांडते."

"वेणीचं काय, ते मला वरिष्ठांना विचारावं..."

"वेणीला रकाना आहे?"

नव्हता. मुलगी हलवायची तर सात कागद, चार सह्या. त्यापुढे सव्वा इंच केव्हाही सोपा. तपासनीसांनी मघाचं खोडलं, 'होय'वर खूण केली आणि आपणच काही उपकार केल्यासारखे हसले. "पुढच्या महिन्यात येतो, बाई."

"या. पण बॅग दाराबाहेर ठेवून आत या."

"अहो, सरकारी बॅग आहे ती!"

"म्हणूनच. तुम्ही 'होय' लिहिलंत, तरी पोर अजून बूट काढत नाहीये."